भाकरी घेऊन डोंगरावर

गावाकडची गोष्ट, तीही गाण्यांतून आणि रंगमंचावर फक्त दोन बायका! हे ऐकून तुम्ही जांभई देत असाल, तर थांबा. एका झेक ऑपेरापासून देहूच्या आवलीपर्यंतचा हा प्रवास... व्हाया वलवण.

वलवणला वीकएण्डला जाऊन काय करायचं, हे आता जवळपास ठरून गेलंय. एक्स्प्रेस वे सोडायचा, धरणाच्या दिशेनं ढग कुठवर उतरलेत ते बघायचं, भाजलेलं कणीस, कांदाभजी, चिक्कीची दोन पाकिटं. रात्री एखाद्या बंगल्याच्या लॉनवर ‘गावरान’ जेवण. हे गावरान म्हणजे चुलीवरचा रस्सा, टांगलेले कंदील, भिंतीला टेकवलेलं बैलगाडीचं चाक आणि फोटो काढायला जातं. दळायला नाही हं, फक्त फोटो काढायला!

माझी मावशी वलवणची. म्हणजे लग्न होऊन वलवणला आलेली, आणि त्याला तीस वर्षं होऊन गेलीत. तिच्या वलवणमध्ये कंदील नाही. तिथं पावसाळ्यात चार-चार दिवस न वाळणारे कपडे आहेत, भिंतीला धरलेली बुरशी आहे आणि रविवारी साधी कोथिंबीर आणायला निघालं तरी ओलांडता न येणारा रस्ता आहे. ‘तुमच्याकडे किती छान हवा असते ना!’ असं कुणी म्हटलं की ती हसते आणि म्हणते, ‘हो, हवा छान असते.’ ‘हवा’वर जोर देऊन.

गेल्या पावसाळ्यात मी तिच्याकडे तीन दिवस अडकले. बाहेर धो-धो, लाइट जाऊन-येऊन. लॅपटॉप चार्ज होता आणि त्यात एक ऑपेरा डाउनलोड करून ठेवलेला होता. ऑपेरा आणि मी असा काही जुना घरोबा नाही, खरं सांगायचं तर मास कॉमला असताना एका पेपरपुरता त्याच्याशी संबंध आला तेवढाच. पण हा ऑपेरा गावावरचा होता, शिवाय त्याच्या नव्या प्रयोगाबद्दल बरंच वाचलं होतं. नाव ‘येनूफा’. संगीतकार लेओश यानाचेक. पहिला प्रयोग १९०४ साली, मोराव्हियातल्या ब्रनो शहरात. मी पाहत होते तो लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसमधला, २०२१ चा. दिग्दर्शक क्लाउस गुथ.

मावशी पालक निवडत शेजारी बसली. ‘काय रडतेय ती?’ इथून सुरुवात झाली आणि तासाभरात पालक तसाच राहिला.

पोल्का आणि पलंग

झेक ऑपेरात गाव म्हटलं की आधी स्मेतानाचा ‘विकलेली नवरी’ आठवतो. १८६६ साली प्रागमध्ये आलेला. त्यात सगळं आहे, जत्रा, बिअरचे चषक, पोल्का नाच, गावातला बडबड्या लग्न जुळवणारा मध्यस्थ, सर्कसवाले. नायक पैसे घेऊन आपल्या प्रेयसीवरचा हक्क सोडतो, पण करारात अशी मेख मारून ठेवतो की शेवटी ती त्यालाच मिळते. गंमत म्हणजे स्मेताना स्वतः जर्मन बोलत वाढलेला. झेक भाषा तो मोठेपणी नेटानं शिकला. तेव्हा झेक लोकांवर ऑस्ट्रियाचं राज्य होतं आणि ‘हे आमचं गाव, ही आमची भाषा, हा आमचा नाच’ असं छाती पुढे काढून सांगायची गरज होती. त्यामुळे तिथलं गाव छान आहे. अगदी वीकएण्डला जाऊन राहावं इतकं छान!

‘येनूफा’तलं गाव वेगळं. गोष्ट गाब्रिएला प्राइसोवा या लेखिकेच्या नाटकावरची. येनूफा ही गावातली तरुण मुलगी, गिरणीच्या मालकाच्या नातवापासून तिला दिवस गेलेत. तो देखणा, दारुडा आणि वेळ आली की पळणारा. तिची सावत्र आई गावच्या प्रार्थनाघराची देखरेख करणारी, सगळ्यांना धाकात ठेवणारी, कडक बाई. ती मुलीला घरात कोंडून गुपचूप बाळंतपण करते. बाळाचा बाप लग्नाला तयार नाही. दुसरा एक तरुण तयार आहे, पण बाळाचं ऐकून बिचकलाय. मग थंडीच्या एका रात्री ही बाई आठ दिवसांचं मूल उचलते आणि गोठलेल्या नदीवर जाते.

गुथनं या प्रयोगातून मोराव्हियाचं ‘सुंदर खेडं’ काढूनच टाकलं. भरतकामाचे रंगीत घागरे नाहीत, गिरणीचं फिरतं चाक नाही. भिंतींना लागून पलंगांच्या रांगा आणि एकसारख्या हालचाली करत कामं उरकणाऱ्या बायका. पुढे त्याच पलंगांच्या चौकटींचा पिंजरा होतो. म्हणजे गावाचं ‘गावपण’ त्यानं पोशाखात न शोधता कामात आणि लोकांच्या नजरांत शोधलं. सावत्र आई झाली होती कारिता मातिला. एकेकाळी याच ऑपेरात येनूफाची भूमिका गाजवलेली गायिका, आता आईच्या जागी. या निर्मितीला पुढच्या वर्षी लंडनचा ऑलिव्हिए पुरस्कार मिळाला.

आणखी एक गोष्ट मला फार आवडली. यानाचेक वही घेऊन फिरायचा आणि लोक बोलतात कसे ते सुरांत टिपून ठेवायचा. बाजारातली बाई, रस्त्यातलं पोर, कुणाचा वैताग, कुणाची हाक. प्रत्येक वाक्याला चाल असते, असं त्याचं म्हणणं. स्वतःची मुलगी ओल्गा आजारी पडली तेव्हा तिचं बोलणंही त्यानं असंच टिपलं. १९०३ मध्ये ती गेली आणि ‘येनूफा’ त्यानं तिच्या स्मृतीला अर्पण केला. प्रागच्या राष्ट्रीय रंगभूमीनं मात्र हा ऑपेरा घ्यायला १९१६ साल उजाडवलं. (आमचं वलवणचं धरणही १९१६ चंच. काही संबंध नाही, पण मावशीला हे सांगितल्यावर तिला उगाच बरं वाटलं!)

शेवटच्या अंकात, लग्नाच्या दिवशी, बर्फाखाली बाळ सापडतं आणि सावत्र आई कबुली देते. मावशी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘त्या रात्री ती एकटीच होती गं घरात. कुणाला विचारणार होती ती?’ आणि थोड्या वेळानं, ‘मला आपली ती चिंचवडची आवली आठवली बघ.’

आवली चिंचवडची नव्हे, देहूची. पण मावशीनं तिला चिंचवडच्या नाट्यगृहात पाहिलं होतं. माझ्यासोबत, २०१९ मध्ये.

धरणाच्या दोन बाजू

वलवणचं धरण इंद्रायणीवर आहे, हे तिथं फोटो काढणाऱ्या निम्म्या लोकांना ठाऊक नसतं. मलाही नव्हतं. धरणात अडवलेलं पाणी पश्चिमेला घाट उतरून खोपोलीच्या टाटांच्या वीजघरात जातं. त्या वीजघरातून १९१५ पासून मुंबईला वीज मिळायला लागली. आणि नदी? नदी पूर्वेला जाते. कार्ला, कामशेत, तळेगाव, देहू, आळंदी करत तुळापूरला भीमेला मिळते. लोणावळा-पुणे लोकलमध्ये बसलात की बराच वेळ ती कधी जवळ, कधी लांब अशी सोबत असते.

म्हणजे मावशीच्या घरापासून चाळीसेक किलोमीटरवर तुकोबांचं घर. आणि तुकोबांचं घर म्हणजे आवलीचं घर.

आवलीचं नाव जिजाई. पुण्याच्या गुळवे यांची मुलगी, खात्यापित्या सावकाराच्या घरची. तुकोबांची ती दुसरी बायको. पहिली रखमाबाई, ती दुष्काळात गेली, तिच्यामागे मुलगाही गेला. १६३० च्या आसपासचा तो दुष्काळ, ज्यात माणसं आणि गुरं रस्त्यावर मेली. दुकान बुडालं. त्यानंतर तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत सोडून दिली. आपण शाळेत शिकतो तेव्हा इथं टाळ्या वाजतात. वसुलीची कागदं बुडवणारा सावकार, जगात दुसरा सापडायचा नाही! ते खरंच आहे. पण त्या रात्री घरी चूल पेटवणाऱ्या बाईला ही बातमी कुणी आणि कशी सांगितली असेल?

उसाची गोष्ट आठवते? तुकोबा मोळी घेऊन निघतात, वाटेत पोरं मागतात, ते वाटत सुटतात, घरी येतात तेव्हा हातात एकच ऊस. आवली चिडून तोच त्यांच्या पाठीत घालते. उसाचे दोन तुकडे होतात आणि तुकोबा हसून म्हणतात की बरं झालं, वाटणी झाली. आपण हसतो. गोष्ट त्यांच्या सहनशीलतेची. पण घरी पोरं त्या मोळीची वाट बघत बसली होती, हे गोष्टीत येत नाही. संतचरित्रांनी, कीर्तनांनी, बालभारतीच्या पिढ्यांनी आवलीवर एकच शिक्का मारला, कजाग. संताच्या सहनशीलतेची परीक्षा बघायला देवानं धाडलेली बायको. सॉक्रेटिसची बायको झांटिपी आणि आपली आवली एका रांगेत उभ्या.

तसं म्हटलं तर आवलीवर प्रेम करणारे लोक आधीही होते. प्रभातचा ‘संत तुकाराम’ आला १९३६ साली. दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल, तुकोबा झाले होते विष्णुपंत पागनीस. व्हेनिसच्या महोत्सवात तो गौरवला गेला हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण आज तो पाहिलात तर तुमच्या लक्षात राहते ती गौरी. जिजाईच्या भूमिकेतली. पोर आजारी पडलंय म्हणून चप्पल हातात घेऊन थेट देवळात घुसणारी. म्हशीवर जीव लावणारी, तोंडानं फाटकी आणि हातानं राबणारी. पागनीस डोळे मिटून गातात तेव्हा ते स्वर्गातले वाटतात, गौरी आली की आपण देहूत येतो. २०१२ मध्ये चंद्रकांत कुलकर्णींच्या ‘तुकाराम’मध्ये राधिका आपटेनं आवली केली, जितेंद्र जोशी तुकोबा. तीही चांगली होती. पण दोन्ही सिनेमांचं नाव शेवटी तुकाराम. आवली त्यात बायको.

दोघी

आणि मग २०१७ मध्ये ‘संगीत देवबाभळी’ आलं.

लेखक-दिग्दर्शक प्राजक्त देशमुख, नाशिकचा मुलगा. आधी ही एकांकिका होती, तिचं दोन अंकी नाटक झालं आणि भद्रकाली प्रॉडक्शन्सनं ते व्यावसायिक रंगभूमीवर आणलं. भद्रकाली म्हणजे ‘वस्त्रहरण’वाल्या मच्छिंद्र कांबळींची संस्था, आता प्रसाद कांबळी ती चालवतात. संगीत आनंद ओक यांचं, नेपथ्य प्रदीप मुळ्ये यांचं. पात्रं दोन. आवली, शुभांगी सदावर्ते. आणि लखुबाई, मानसी जोशी. दोघीही स्वतः गातात.

गोष्ट जुन्या कथेतून उगवलेली आहे. तुकोबा भंडाऱ्याच्या डोंगरावर नामस्मरणात, आवली रोज त्यांची भाकरी घेऊन डोंगर चढते. एक दिवस तिच्या पायात काटा मोडतो. ज्याला ती उठता-बसता शिव्या घालते तो विठ्ठलच येऊन तो काटा काढतो. कथा इथं संपते. देशमुखांचं नाटक इथून पुढे निघतं. आवली पोटुशी आहे, पाय जायबंदी, घरात करायला कुणी नाही. तर विठ्ठल तिच्या सेवेला पाठवतो कुणाला? रखुमाईला! ती आधीच राधेवरून रुसून पंढरपूरच्या दिंडीरवनात जाऊन बसलेली. देवाची बायको, लखुबाई होऊन, भक्ताच्या बायकोकडे कामाला येते. आवलीला पत्ता नाही ही कोण. आपल्याला मात्र ठाऊक आहे.

आयडिया सॉलिड आहे की नाही? पण आयडियेवर पाचशे प्रयोग होत नसतात. या नाटकाचं खरं बळ असं की या दोघी बोलतात ते संसाराबद्दल. एकीचा नवरा देवामागे लागलेला, दुसरीचा नवरा भक्तांमागे. दोघींच्या घरात त्यांचीच माणसं नाहीत. आवली विठ्ठलाला ‘काळ्या’ म्हणून उभा-आडवा घेते आणि समोर त्याचीच बायको पाणी भरत असते. तिला नवऱ्याचा रागही आहे आणि त्याला कुणी बोललेलं खपतही नाही. त्या एका अवघडलेपणातून किती हसू येतं आणि हसता-हसता घशात काय अडकतं, ते सांगून कळणार नाही.

गाणी म्हणाल, तर इथं जुन्या संगीत नाटकाचा फंडा नाही. १८८० मध्ये किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’नं जी परंपरा सुरू केली तिच्यात पद हा प्रयोगाचा मुकुट. नट पुढे येणार, ऑर्गनवाल्याकडे बघणार, आलाप-ताना, मग वन्स मोअर. ती मजा वेगळी, माझे आजोबा त्यासाठी जीव टाकायचे. ‘देवबाभळी’त गाणं कामातून येतं. ओवी, अभंग, अंगाईच्या वळणाच्या चाली. आवलीचं बोलणं कधी गाणं झालं ते नेमकं कळत नाही. कुरकुर चढत जाते आणि तिला सूर सापडतो. ‘येनूफा’ पाहताना मला हेच जाणवलं होतं. ब्रनोचा तो वहीवाला संगीतकार आणि नाशिकचा हा पोरगा यांच्यात शंभरावर वर्षं आहेत, पण बाईच्या बोलण्याला चाल असते हे दोघांनी कान देऊन ऐकलेलं.

तर २०१९ चा पावसाळा. मी तेव्हा शिकत होते, तिकिटं काढली होती चिंचवडच्या प्रेक्षागृहाची. मावशी लोणावळ्याहून लोकलनं आली. डोक्यात ‘देवाचं नाटक’ असल्यामुळे उपास धरूनच आली होती! हॉलमध्ये अर्धी गर्दी तिच्या वयाची, अर्धी माझ्या. पाठीला लॅपटॉपच्या बॅगा अडकवून थेट हिंजवडीहून आलेली मुलं-मुली. मध्यंतरात वड्याच्या रांगेत उभं असताना मावशी म्हणाली, ‘मला वाटलं देव दिसेल.’ मी विचारलं, मग निराश झालीस का? तर म्हणाली, ‘नाही गं. ही दिसली की.’ उपास राहिला बाजूला, तिनं वडा खाल्ला.

दुसऱ्या अंकात तिनं माझा हात कधी धरला ते मला आठवत नाही. सोडला तो पडदा पडल्यावर.

पॅशन कोणाची, ईएमआय कोणाचा?

हे नाटक आपल्या पिढीला इतकं का भिडलं, यावर मी बराच विचार केलाय. भक्ती म्हणून? असेलही. पण माझा अंदाज वेगळा आहे.

आपण सगळे ‘फॉलो युवर पॅशन’वर वाढलोय. नोकरी सोडून कॅफे काढणारा, कॅमेरा घेऊन लडाखला जाणारा, स्टार्टअपसाठी तीन वर्षं पगार न घेणारा... त्यांच्या मुलाखती आपणच छापतो, आपणच वाचतो. मीसुद्धा अशा डझनभर लिहिल्यात. त्यात शेवटी एक प्रश्न ठेवलेला असतो, ‘घरच्यांचा सपोर्ट कसा होता?’ आणि एक ठरलेलं उत्तर येतं, ‘माझ्या बायकोशिवाय हे शक्यच नव्हतं.’ एक वाक्य. कधीकधी फोटोत तीही असते, कडेला.

ते एक वाक्य उघडून आत गेलं तर काय सापडेल? आवली सापडेल. फ्लॅटचा हप्ता भरणारी, पोराच्या शाळेची फी भरणारी, सासूच्या तपासण्या करून आणणारी आणि तरी पार्टीत ‘ती जरा प्रॅक्टिकल आहे’ म्हणून ओळख करून दिली जाणारी. प्रॅक्टिकल! कजाग या शब्दाचं कॉर्पोरेट भाषांतर आहे ते.

आणि हो, आवली दर वेळी बाईच असते असं नाही. मी फ्रीलान्सर आहे. माझे पैसे तीन-तीन महिन्यांनी येतात, कधी येतच नाहीत. माझी रूममेट बँकेत आहे. गेल्या दोन वर्षांत किमान चार वेळा तिनं माझ्या वाट्याचं भाडं भरलंय आणि तेही मी न मागता. रात्री तीनला मी ‘क्रिएटिव्ह’ असते तेव्हा गॅस सिलेंडर संपलाय हे तिच्या लक्षात असतं. तिनं एकदा वैतागून भांडी आपटली होती, तेव्हा मला तिचा राग आला होता. आज हे लिहिताना वाटतं, उसाची मोळी वाटून मी घरी आले होते.

इथं एक मात्र मान्य करायला हवं. तुकोबा डोंगरावर बसले नसते तर आपल्याकडे गाथा नसती. हे आवलीच्या बाजूनं कितीही बोललं तरी पुसता येत नाही. नाटकही ते पुसत नाही, म्हणून ते मला खरं वाटलं. आवली नवऱ्याला सोडून जात नाही, त्याच्यावरचं तिचं प्रेमही लपत नाही. तिची तक्रार इतकीच की हा हिशेब कुणीतरी मांडा. ‘येनूफा’तली सावत्र आई चुकते, भयंकर चुकते, पण गुथच्या प्रयोगात आपण तिच्याकडे पाठ फिरवू शकत नाही. तिथंही मुद्दा तोच. तिच्यावर ही वेळ आणणाऱ्या नजरा किती होत्या, ते मोजा.

थोडं खटकलंही

सगळंच ग्रेट असं नाही हं. ‘देवबाभळी’तल्या काही वाक्यांना टाळी घ्यायची घाई आहे. आवली अधूनमधून इतकं सुभाषितासारखं बोलते की ती देहूची न राहता स्टेटसला लावायची होऊन जाते. प्रेक्षागृहात टाळ्या वाजतात आणि दोघींमधला धागा क्षणभर तुटतो. दुसरी शंका अशी, तुकोबा आणि विठ्ठल, दोन्ही पुरुष रंगमंचाबाहेरच. ही नाटकाची खुबी आहे हे कळतं. पण त्यामुळे हॉलमधल्या तमाम नवऱ्यांनाही मान डोलावणं सोपं जातं. आरोपी हजरच नाही ना! त्या दिवशी आमच्या पुढच्या रांगेतले काका दोन तास ‘वा, वा’ करत होते आणि सुटल्यावर काकूंच्या आधी जाऊन रिक्षात बसले. काकू पिशवी, छत्री आणि पाण्याची बाटली सांभाळत मागून.

पण हे खटकणंही त्या नाटकाचं वजन कमी करत नाही. २०२० चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार प्राजक्त देशमुखला याच संहितेसाठी मिळाला. नोव्हेंबर २०२३ मध्ये मुंबईच्या षण्मुखानंद सभागृहात पाचशेवा प्रयोग झाला, तोच निरोपाचा म्हणून जाहीर झालेला. मध्ये करोनाचा खड्डा पडूनही दोन बायकांच्या संगीत नाटकानं पाचशेचा आकडा गाठला, हे मराठी रंगभूमीच्या आजच्या हिशेबात थोडं नाही.

नावाबद्दल सांगायचं राहिलं. देवबाभूळ हे खरंच एक झाड असतं. काटेरी, छोटंसं, पिवळ्या गोंड्यांसारखी फुलं आणि त्यांना मस्त सुगंध. मावशीला हे आधीपासून ठाऊक होतं. मला इंटरनेटवर शोधावं लागलं.

आणि आवलीच्या आयुष्यातली एक गोष्ट, जी नाटकानंतर वाचली आणि डोक्यातून गेली नाही. तुकोबा वैकुंठाला गेले, म्हणजे आवलीच्या भाषेत घरातून गेले, तेव्हा ती पुन्हा पोटुशी होती. तो मुलगा म्हणजे नारायणमहाराज. त्यानं बापाला पाहिलेलंच नाही. १६८५ मध्ये तुकोबांच्या पादुका पालखीत ठेवून ज्ञानोबा-तुकारामाच्या गजरात वारी सुरू केली ती यानं. आज जूनमध्ये पुण्यात रस्ते बंद होतात, आपण ऑफिसला ‘वर्क फ्रॉम होम’ टाकतो, इन्स्टावर वारीचे रील टाकतो. ती पालखी आवलीनं एकटीनं वाढवलेल्या मुलानं उचललेली आहे.

‘येनूफा’ संपला त्या रात्री मावशी म्हणाली, भंडाऱ्याला जाऊ या. इतकी वर्षं इंद्रायणीकाठी राहून ती तिथं कधी गेली नव्हती. पाऊस ओसरल्यावर, एका मंगळवारी मुद्दाम, म्हणजे गर्दी नको म्हणून, आम्ही गेलो. वरपर्यंत गाडी जाते. मावशीनं ती खालीच थांबवली. स्टीलचा डबा तिच्या हातात, मी मागून. पायात चप्पल होती, काटा-बिटा काही लागला नाही, दम मात्र लागला. दोनदा बसलो. खाली देहूच्या बाजूला इमारतीच इमारती, चाकणकडे कारखान्यांची पत्रं चमकत होती, आणि मधून नदी. वरून ती स्वच्छ दिसते. आळंदीत तिच्यावर फेस तरंगतो, हे वरून कळत नाही.

देवळात दर्शन झालं, मग सावलीला बसलो. मावशीनं डबा उघडला. ज्वारीच्या भाकरी, पिठलं, मिरचीचा ठेचा. मी हात पुढे केला तर म्हणाली, थांब. पहिली भाकरी तिनं स्वतःला वाढून घेतली.